गाडीला नजर लागत नाही, जोड सैल होतो

जुनी गाडी घेऊन ती भाड्याने चालवणारी कितीतरी कुटुंबे आज आपल्या वस्त्यांत आहेत. कोणी शाळेच्या मुलांची ने-आण करतो, कोणी लग्नसराईत वऱ्हाड पोचवतो, कोणी रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात नेतो. अशा घरात गाडी ही चैन नसते. तिच्यावर चूल पेटते आणि बँकेचा हप्ता भरला जातो. गाडी अडली की घर अडते.

गाडी कायमची बंद पडली तर एक वेळ परवडते. दोष समोर असतो, मिस्त्री तो शोधून काढतो. परंतु सकाळी मुकाट्याने सुरू होणारी, दुपारी भररस्त्यात हटून बसणारी आणि गॅरेजमध्ये नेताच पुन्हा शहाण्यासारखी चालू होणारी गाडी माणसाला वेडे करते. दोष दिसत नाही, म्हणून मग नजर, बाधा, अमावास्या या गोष्टी पुढे येतात. अशाच एका गाडीची हकिकत येथे देत आहे. तिच्या निमित्ताने, असा लपंडाव खेळणारा दोष कसा पकडावा, हेही सांगण्याचा विचार आहे.

"बांधायला काय जाते?"

हकिकत नागपूरची आहे. वडील महापालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेले. मुलाने आईचे दोन दागिने मोडून आणि बँकेचे कर्ज काढून जुनी पेट्रोल गाडी घेतली. पहिले चार महिने बरे गेले. मे महिना लागला आणि गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली. चावी फिरवली की 'टक्' असा एकच आवाज येई आणि पुढे काही नाही. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चावी फिरवली की गाडी सुरू होई.

एका दुपारी शेजारच्या लेकीला कळा सुरू झाल्या. तिला गाडीत बसवले, चावी फिरवली आणि पुन्हा तेच 'टक्'. शेवटी रिक्षा आणून तिला दवाखान्यात नेले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण त्या संध्याकाळी वस्तीत बोलणे सुरू झाले. "गाडी अमावास्येला घरी आणली होती." "नारळ फोडला नव्हता." "कोणाची तरी नजर लागली, लिंबू-मिरची बांधा." आईचे वडील १९५६ साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेले. बावीस प्रतिज्ञा त्या घरात भिंतीवर आहेत. तरी आईचे मन डळमळले. ती म्हणाली, "आपण मानत नाही रे बाबा. पण बांधायला काय जाते?"

मुलाची धाकटी बहीण आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करते. मी एस.टी.च्या आगारात वीजतंत्री होतो हे तिला माहीत होते. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "जयभीम काका. आईने लिंबू आणून ठेवले आहे. ते गाडीला बांधण्याआधी तुम्ही एकदा येऊन बघा."

अंदाज ही सुद्धा अंधश्रद्धाच

मी गेलो तोवर घरचे बरेच पैसे खर्च झाले होते. पहिल्या मिस्त्रीने न तपासताच सांगितले, "बॅटरी गेली." नवी बॅटरी घातली. आठ दिवसांनी पुन्हा 'टक्'. दुसऱ्याने सेल्फ उतरवून त्याचे कार्बन बदलले. चार दिवस गाडी ठीक चालली आणि पुन्हा तेच. बँकेचा एक हप्ताही चुकला होता.

या दोघांनी काही मोजले होते का, असे मी विचारले. नाही. बॅटरीला मीटर कोणी लावलेच नव्हते. एकाने सवयीने एक वस्तू बदलली, दुसऱ्याने दुसरी. मला तर यात आणि लिंबू बांधण्यात फारसा फरक दिसत नाही. लिंबू बांधल्यावर योगायोगाने गाडी चार दिवस चालली तर लोक म्हणतात, "बघा, गुण आला." कार्बन बदलल्यावर चार दिवस चालली तर मिस्त्री म्हणतो, "बघा, कार्बनच होते." दोन्हीकडे कारण न शोधता उपाय केला. अधूनमधून येणाऱ्या दोषात हा धोका नेहमीचा आहे. दोष मुळात चार दिवस झोपणारच असतो, त्याचे श्रेय मधल्या उपायाला मिळते.

केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी केलेला उपदेश आपण विहारातील प्रवचनांत ऐकतो. परंपरा आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्याचा आशय. तो देव-देवस्कीपुरताच आहे असे समजू नये. गॅरेजच्या दारातही तो तितकाच कामाचा आहे.

आधी प्रश्न नीट मांडा

"गाडी सुरू होत नाही" एवढे सांगणे म्हणजे डॉक्टरला "बरे वाटत नाही" एवढेच सांगण्यासारखे आहे. यात दोन अगदी वेगळे आजार आहेत.

पहिला : चावी फिरवली तरी इंजिन फिरतच नाही. म्हणजे सेल्फ काम करत नाही. हा विजेच्या जाड वाटेचा किंवा चावीकडून येणाऱ्या बारीक वाटेचा दोष.

दुसरा : सेल्फ इंजिनाला जोरात फिरवतो, पण इंजिन पेट घेत नाही. येथे बॅटरी आणि सेल्फ निर्दोष आहेत. पेट्रोल पोचत नसेल, स्पार्क मिळत नसेल किंवा एखादा सेन्सर दगा देत असेल. तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होणाऱ्या आजच्या गाड्यांत क्रँक सेन्सर हा असा एक नेहमीचा आरोपी असतो.

पहिल्या आजाराला दुसऱ्याचे औषध दिले की पैसा गेलाच म्हणून समजा. नागपूरच्या या गाडीला पहिला आजार होता. म्हणून पुढे त्याचाच विचार करू.

वीज कोणत्या वाटेने जाते?

चावी फिरवली की बारीक वायरमधून थोडी वीज सेल्फवरच्या सॉलेनॉइडला मिळते. वाटेत चावीचा स्विच, फ्यूज, रिले आणि काही गाड्यांत क्लचचा किंवा न्यूट्रलचा स्विच असतो. सॉलेनॉइड आत खेचला जातो, त्याचाच तो 'टक्' आवाज. खेचला गेला की तो तांब्याचे जाड संपर्क जोडतो आणि बॅटरीची खरी ताकद सेल्फच्या मोटरला मिळते.

ही ताकद थोडीथोडकी नसते. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ १०० ते २०० अँपिअर वीज ओढतो, डिझेलचा त्याहून जास्त. आता साधा हिशेब करा. प्रवाह १५० अँपिअर आहे आणि वाटेतल्या एका गंजक्या जोडाचा रोध ओहमच्या पन्नासाव्या हिश्शाइतका, म्हणजे ०.०२ ओहम आहे. त्या एका जोडातच ३ व्होल्ट खर्ची पडतात. बारा व्होल्टच्या बॅटरीला हा फार मोठा तोटा. मात्र दिव्यांना फार तर दहा-पंधरा अँपिअर लागतात. त्यामुळे दिवे झगझगीत लागतात, हॉर्न वाजतो आणि सेल्फ मात्र उठत नाही.

शिवाय वीज बॅटरीतून निघाली की तिला परतही यावे लागते. सेल्फमधून ती इंजिनाच्या धातूत येते, तेथून अर्थच्या पट्टीने बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीच्या ऋण टोकाला. परतीच्या या वाटेकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही.

कान आणि डोळे उघडे ठेवा

मीटर नसला तरी दोन साक्षीदार फुकट मिळतात : आवाज आणि दिवे. हेडलाइट लावून चावी फिरवायची आणि नीट पाहायचे.

टकटकटक असा भराभर आवाज येतो आणि दिवे मंदावतात : बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलचा जोड खराब आहे. सॉलेनॉइड खेचला जातो, मोटरने वीज ओढताच दाब कोसळतो, सॉलेनॉइड सुटतो, दाब परत येतो, पुन्हा खेचला जातो.

काहीच आवाज नाही आणि दिवे तसेच झगझगीत : चावीपासून सॉलेनॉइडपर्यंतची बारीक वाट तपासावी. ऑटोमॅटिक गाडी 'पी'मध्ये उठत नसेल तर 'एन'मध्ये घालून पाहावी. क्लच स्विच असेल तर क्लच तळापर्यंत दाबून पाहावा.

एकच ठाम 'टक्' आणि दिवे तसेच : बारीक वाट ठीक, जाड वाट कोठेतरी तुटते. सॉलेनॉइडचे जळके संपर्क, झिजलेले कार्बन किंवा इंजिनाची अर्थ, या तिघांपैकी एक.

काहीच आवाज नाही आणि दिवेही नाहीत : बॅटरीच्या टोकापासूनच सुरुवात करावी. टर्मिनल हाताने हलते का ते पाहावे. ते हातानेच फिरले, तर दोष सापडलाच म्हणायचा.

बहिणीची वही

लपंडाव खेळणाऱ्या दोषावर सर्वांत चांगले औषध म्हणजे वही आणि पेन्सिल. मी त्या मुलीला सांगितले, "तीन आठवडे काही बदलू नका. प्रत्येक वेळी लिहून ठेव : तारीख, वेळ, इंजिन गरम की थंड, गाडी किती वेळ उभी होती, आवाज कसा आला, दिवे कसे होते, शेवटी गाडी कशी सुरू झाली." तोवर लांबचे भाडे आणि आजारी माणूस घेऊ नको, असे तिच्या भावाला बजावले.

तीन आठवड्यांनी वही पाहिली. गाडी सहा वेळा अडली होती. सहाही वेळा इंजिन गरम होते आणि गाडी दहा ते तीस मिनिटे उभी होती. सकाळी थंड इंजिनावर ती एकदाही अडली नव्हती. सहाही वेळा एकच 'टक्' आणि दिवे झगझगीत. वहीत अमावास्या कोठेच दिसत नव्हती. मात्र शेवटी मुलीने स्वतःहून एक ओळ लिहिली होती : "गाडी अडली तेव्हा क्लचची केबल हाताला गरम लागली."

ती ओळ वाचली आणि माझे अर्धे काम झाले. क्लचच्या केबलमधून वीज जाण्याचे काही कारण नाही. ती गरम होते, याचा अर्थ परतीची सरळ वाट बंद आहे आणि वीज केबलच्या पोलादी तारेतून वाट काढते आहे.

दोष हातात सापडला

तरीही मी लगेच पट्टी बदलली नाही. ओळ कितीही बोलकी असली तरी मोजल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. मीटर लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. (१२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर उतरलेली असे धरावे.) इंजिन चालू असताना १४.२, म्हणजे अल्टरनेटरही ठीक. आणि गाडी अर्थातच पहिल्या चावीला सुरू झाली.

भर दुपारी आम्ही कामठीपर्यंत जाऊन आलो. गाडी उभी केली आणि थांबलो. असे दोनदा केले, काही झाले नाही. तिसऱ्या खेपेला 'टक्' झाले. चावी धरून ठेवायला सांगून मी बॅटरी मोजली : १२.१. खरोखर सेल्फ फिरवताना चांगली बॅटरीही दहा-अकरावर येते, आणि ९.६ च्या खाली गेली तर तिच्यावर संशय घ्यावा. येथे ती १२.१ वर होती. म्हणजे सेल्फ पुरेशी वीज ओढूच शकत नव्हता. नवी बॅटरी विनाकारण घेतली गेली होती.

मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवली. पुन्हा चावी. वाट चांगली असेल तर येथे ०.२-०.३ व्होल्टच्या वर काही दिसू नये. मीटरने ७ च्या आसपास दाखवले. अर्ध्याहून अधिक दाब परतीच्या वाटेत अडकत होता.

शेवटची खात्री करायची होती. जंपची एक जाड केबल घेतली. तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे थेट इंजिनाच्या धातूला लावले. चावी फिरवताच सेल्फने इंजिन गरकन फिरवले. गाडी बंद केली, केबल काढली : 'टक्'. केबल लावली : सुरू. असे तीनदा केले. कारण असेल तर कार्य होते, कारण काढले तर कार्य थांबते. प्रतीत्यसमुत्पाद म्हणून जे आपण ऐकतो, ते त्या अंगणात सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले.

पट्टी उघडली. आधीच्या मालकाने बॉनेटखाली रंग मारून घेतला होता आणि रंगावरच पट्टी कसली होती. बोल्टखाली रंग आणि गंज, आणि पट्टीच्या निम्म्या तारा तुटलेल्या. थंड असताना हा जोड जेमतेम टेकत होता, तापला आणि इंजिनाच्या थरथरीने हलला की सुटत होता. जागा पॉलिशपेपरने घासून धातू चकचकीत केला आणि नवी पट्टी कसली. खर्च काही शे रुपये. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, गाडी एकदाही अडली नाही.

आणखी काही नेहमीचे दोष

प्रत्येक गाडीत अर्थचाच दोष असेल असे नाही. तसे समजणे म्हणजे पुन्हा अंदाजच.

सेल्फवर पान्याच्या दांड्याने हलकेच टकटक केले आणि तो फिरला, तर बहुधा कार्बन झिजले आहेत. ही तात्पुरती सोय आहे. सेल्फ लवकर उघडून घ्यावा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर गाडी बंद करून आधी ऋण टोक काढावे, मग धन. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडे करावे. लावताना आधी धन, मग ऋण. वरून थोडी पेट्रोलियम जेली लावावी.

रोज सकाळी बॅटरी उतरलेली आढळत असेल तर उभ्या गाडीत कोठेतरी वीज गळते आहे. सर्व बंद करून थोडा वेळ थांबल्यावर साधारणपणे ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज जाऊ नये. डिकीतला दिवा किंवा बाहेरून बसवलेला टेप ही नेहमीची ठिकाणे.

नव्या गाड्यांच्या चावीत इलेक्ट्रॉनिक खूण असते. ती गाडीला पटली नाही तर काही गाड्यांत सेल्फ उठत नाही, काहींत सेल्फ फिरतो पण इंजिन चालत नाही. डॅशवरचा चावीचा दिवा लुकलुकत राहिला तर दुसरी चावी वापरून पाहावी. बटणाच्या गाडीत रिमोटमधला छोटा सेल बदलून पाहावा.

जिवापेक्षा गाडी मोठी नाही

तपासताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. हातातली अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ बिडी-काडी नको. त्यातले ॲसिड डोळ्यांत गेले तर भरपूर पाण्याने धुवत राहावे आणि डॉक्टरांकडे जावे. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडताना धनाला धन जोडावे. ऋणाची केबल मात्र बंद गाडीच्या बॅटरीला न लावता, बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला लावावी. सेल्फची टोके स्क्रू-ड्रायव्हरने जोडून गाडी सुरू करण्याची मर्दुमकी कोणी करू नये. गाडी गिअरमध्ये असेल तर ती अंगावर येते.

मिस्त्रीकडे गेलात तर भांडू नका, पण विचारा : "काय मोजले? किती आले?" चांगला मिस्त्री अशा प्रश्नाने रागावत नाही. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा.

लेकींना पाना द्या

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. तांत्रिक प्रशिक्षणाचे कामही त्या खात्याकडे होते. हाताला हुन्नर आणि डोक्याला विचार, दोन्ही मिळाल्याशिवाय कष्टकरी माणूस उभा राहत नाही. ही गाडी बरी केली ती खरे तर त्या मुलीच्या वहीने. मी फक्त मीटर धरला. आपल्या लेकी संगणक शिकतात, नर्सिंग शिकतात, ते चांगलेच आहे. पण वायरमनचे, मोटर मेकॅनिकचे काम मुलीचे नाही असे कोणी म्हणाले तर ऐकू नका.

त्या दिवशी काम आटोपले तेव्हा आम्ही घामाने निथळत होतो. आई आत गेल्या. थोड्या वेळाने ट्रेमध्ये ग्लास घेऊन आल्या आणि हसत म्हणाल्या, "घ्या भाऊ. गाडीला बांधायला आणलेल्या लिंबाचे सरबत केले आहे." नागपूरच्या उन्हाळ्यात लिंबाचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

जयभीम.